मुका सप्टेंबर: हंगामाच्या सुरुवातीला एल्क बोलत नाही तेव्हा काय तपासायचं

दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलोरॅडोतल्या डेन्व्हर-फोर्ट कॉलिन्सकडच्या, एल्कच्या (सांबरासारख्या इथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींकडून एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर धनुष्याचा सराव केला, टॅग (शिकारीचा परवाना) काढला, रजा टाकली, वीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन दहा हजार फुटांवर तंबू ठोकला आणि चार दिवसांत एकही ब्यूगल, म्हणजे नराची आरोळी, कानावर आला नाही. मग "या खोऱ्यात एल्कच नाहीत" असं ठरवून पाचव्या दिवशी सगळे सामान गाडीत भरतात.

मीही पहिली तीन वर्षं असाच परतलो. चौथ्या वर्षी सामान बांधून झाल्यावर पाणी भरायला ओढ्यावर उतरलो, तर तंबूपासून जेमतेम पाचशे पावलांवर ताजी लोळण, म्हणजे नर लोळतो तो चिखलाचा खड्डा, दिसली. खड्ड्यातलं पाणी अजून गढूळ होतं. नर तिथे येऊन गेला होता, बहुधा त्याच पहाटे, आणि मी चार दिवस समोरच्या धारेवर उभा राहून ब्यूगलची नक्कल करायच्या नळीत ओरडत होतो.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: माजावर आलेल्या नराच्या आरोळीला इथे ब्यूगल म्हणतात. खर्जातल्या घोगऱ्या सुरानं सुरुवात होते, मग तो सूर चढत चढत शिट्टीसारखा अगदी वर जातो आणि शेवटी खोकल्यासारखे तीन-चार आवाज येऊन थांबतो. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक आवाज निघतो यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही.

या तक्रारीवर माझं उत्तर एकच आहे. नराचा आवाज माद्यांच्या मागे चालतो. माद्या तयार नसतील तर नराला ओरडायचं फारसं कारण नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात आवाजाच्या मागे फिरू नका. माद्या कुठे आहेत ते शोधा, आणि नर त्यांच्याजवळ नसेल तर तो कशासाठी कुठे थांबलाय ते शोधा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीतून निघतं. माझा अनुभव कोलोरॅडोच्या वायव्येकडच्या फ्लॅट टॉप्सचा आहे, व्हाइट रिव्हरच्या बाजूचा. जगात सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत आणि त्यातही व्हाइट रिव्हरचा समूह राज्यातला सर्वांत मोठा. तिथे "एल्कच नाहीत" हे निदान सहसा चुकतं.

आधी तारीख पाहा

कोलोरॅडोत गेली काही वर्षं धनुष्यबाणाचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर असा असतो. या चार आठवड्यांना आपण एकच काळ समजतो, तिथेच पहिली चूक होते. २ सप्टेंबरचा एल्क आणि २२ सप्टेंबरचा एल्क यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

माज कधी येणार हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. इथल्या अक्षांशावर सप्टेंबरात दिवस रोज सुमारे अडीच मिनिटांनी आखूड होतो. डोळ्यांतून मेंदूपर्यंत ही खबर पोहोचते, रात्र लांबली की मेलाटोनिन वाढतं आणि त्यावर पुढची सगळी संप्रेरकं हलतात. ऑगस्टअखेरपर्यंत नरांच्या शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी) गळून पडलेली असते, मान जाड व्हायला लागते. म्हणजे नर तसा लवकर तयार होतो. माद्या मात्र बहुतेक सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत माजावर येतात.

हिशेब उलटा करून पाहा म्हणजे पटेल. पिल्लं मुख्यतः मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला होतात, कारण तेव्हा कुरणात कोवळं गवत असतं आणि आईला दूध येतं. गर्भकाळ साधारण २५० दिवसांचा. १ जूनपासून २५० दिवस मागे मोजा, २४ सप्टेंबर येतो. मादीचा माज टिकतो एखादा दिवस, कधी त्याहून कमी. तेवढ्यात गाभण राहिली नाही तर सुमारे तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. ऑक्टोबरच्या मध्यात रायफलवाल्यांना अधूनमधून जो ब्यूगल ऐकू येतो तो यामुळेच.

दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "यंदा उन्हाळा लांबला म्हणून माज उशिरा आहे." कुणी चंद्रावर बोट ठेवतं. मी त्यांना एवढंच सांगतो की गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला बसले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टलाच, कारण ते चंद्राच्या तिथीनं चालतात. एल्कचा माज संक्रांतीसारखा आहे. तो सूर्याच्या हिशेबानं येतो आणि वर्षानुवर्षं त्याच सुमारास येतो. उकाडा, चंद्रप्रकाश, पाऊस यांनी फरक पडतो तो नर दिवसा ओरडतो की रात्री, एवढाच. मादी कोणत्या आठवड्यात माजावर येईल हे त्यांच्या हातात नाही.

तेव्हा तुमची तारीख २ ते १० सप्टेंबरच्या मधली असेल, तर शांतता हा बिघाड समजू नका. त्या दिवसांतलं जंगल असंच असतं.

मग पहिल्या आठवड्यात नर असतो कुठे?

उन्हाळाभर नर चार-सहाच्या टोळक्यानं एकत्र राहतात. मखमल गेली की आपसात शिंगं लावून पाहतात, सुरुवातीला खेळल्यासारखं, मग जोर लावून, आणि टोळकं फुटतं. मोठे नर एकेकटे होतात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा वर्षांपुढचा नर बरेचदा माद्यांपासून दूर, स्प्रूस-फर या सूचिपर्णी झाडांच्या दाट अंधारात, पाणी आणि गवत दोन्ही जवळ असेल अशा ठिकाणी एकटा पडून असतो. तो अंगावर चरबी चढवत असतो. पुढच्या महिन्यात त्याला धड खायला मिळणार नाही आणि वजन चांगलंच उतरणार, त्याची ही बेगमी.

माद्या, त्यांची पिल्लं आणि दीड-दोन वर्षांचे तरुण नर वेगळ्या कळपात असतात. हे तरुण नर अधूनमधून ओरडून बघतात. तो आवाज पातळ, अर्धवट तुटणारा असतो. त्यावरून खोऱ्यात माज सुरू झाला असं समजू नका, पण माद्या कुठे आहेत याची खूण म्हणून त्याची किंमत मोठी आहे. नकाशावर टिंब ठेवा. दोन आठवड्यांनी मोठा नर तिथेच येणार आहे.

एकट्या नराची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे लोळण. आपल्याकडे सांबराची लोळण पाहिली असेल त्यांना ही ओळखायला वेळ लागणार नाही. झऱ्याच्या तोंडाशी, उताराच्या पोटात जिथे पाणी पाझरतं अशा दलदलीत साधारण बाथटबएवढा खड्डा असतो. नर पुढच्या खुरांनी आणि शिंगांनी तो उकरतो, त्यात मुततो, मग मान आणि पोट घोळवून घेतो. काळा चिखल, घोड्याच्या तबेल्यासारखा आणि त्याहून उग्र असा वास, चिखलात रुतलेले लांब राठ केस. बाजूच्या फरच्या खोडावर छातीच्या उंचीला चिखल फासलेला असतो, कारण उठल्यावर तो तिथे मान घासतो.

लोळण ताजी की जुनी हे ओळखणं इथे महत्त्वाचं. खाली बसा आणि पाणी पाहा. गाळ खाली बसून पाणी नितळ झालं असेल तर किमान रात्र उलटून गेली आहे. पाणी चहाच्या रंगाचं आणि धूसर असेल तर काही तासांपूर्वीचं. खोडावरचा चिखल नखानं खरवडून पाहा. आत ओला असेल तर आजचा. काठावरच्या खुराच्या ठशात पाणी अजून झिरपत असेल तर आवाज न करता, आलात त्याच वाटेनं मागे व्हा, कारण नर शंभर-दोनशे पावलांवर बसलेला असू शकतो. मी एकदा हे विसरून त्याच ठशाचा फोटो काढत उभा राहिलो होतो. वरच्या बाजूला फांदी मोडल्याचा आवाज आला तेव्हा माझं धनुष्य झाडाला टेकवलेलं होतं.

खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणाही पाहा. ऑगस्टअखेरच्या खुणांवरची साल वाळून तपकिरी पडलेली असते. ताज्या खुणेवर राळ चिकट असते आणि पांढरं लाकूड ओलसर दिसतं.

पहाटे आवाज येतो, उजाडलं की बंद

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण उकाडा. सप्टेंबरच्या सुरुवातीला एल्कच्या अंगावर थंडीची दाट केसाळ कातडी येऊ लागलेली असते आणि दुपारी चांगलंच ऊन तापतं. तीनशे किलोच्या नराला उन्हात उभं राहणं असह्य होतं. म्हणून कळप रात्री कुरणात चरतात, पहाटे तोंडातला घास चघळत सावलीकडे निघतात आणि ऊन अंगावर पडण्याआधी उत्तरेकडे तोंड असलेल्या दाट उतारांत शिरतात. कायद्यानं बाण सोडता येतो तो सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून. तोवर बरेचदा कळप कुरण सोडून निघालेला असतो.

इथे चूक ही होते की आपण उजाडताना कुरणाच्या काठावर पोहोचतो. एल्कच्या मागे मागे चालत जाऊन एल्क गाठणं माणसाला जमत नाही, तो सहज चालतो तेव्हाही आपली धावपळ होते. कुरण आणि बसण्याचा उतार यांच्या मधल्या वाटेवर तुम्ही आधीपासून हवेत. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे पटकन समजतं. जनावरंही आपल्यासारखीच सोंडेवरून चढतात आणि खिंडीतून पलीकडे उतरतात. दोन कुरणांमधली खिंड, ओढा ओलांडायची सोपी जागा, पडझड झालेल्या झाडोऱ्यातून जाणारी एकुलती एक मोकळी पायवाट अशा जागा नकाशात बघून ठेवा. फ्लॅट टॉप्सवर हे विशेष लागू पडतं, कारण १९४० च्या दशकात स्प्रूसवर पडलेल्या किडीनं इथलं जंगलच्या जंगल वाळलं होतं. पडलेल्या ओंडक्यांच्या जाळ्यातून एल्कलाही वाट काढावी लागते.

रात्री ऐकणं हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. साडेतीन-चारला उठा, धारेवर जा, काहीही न वाजवता अर्धा तास बसा. बोलणारा नर रात्री बोलतो. आवाज कुठून कुठे सरकतोय हे टिपून ठेवलं की उजाडताना तो कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. पाऊस पडून हवा थंड झालेल्या दिवशी मात्र दहा-अकरापर्यंतही हालचाल दिसते. तशा दिवशी न्याहारीसाठी तंबूत परतू नका.

उत्तर देतो, पण येत नाही

ही तक्रार सहसा १० तारखेनंतरची. नर बोलतोय, तुमच्या प्रत्येक हाकेला उत्तर देतोय आणि दर उत्तरागणिक दूर चाललाय. याचा अर्थ त्याच्याजवळ माद्या आहेत. हा कळपाचा धनी. त्याला तुमच्याशी भांडायची गरज नाही, हातात आहे ते सांभाळायचं आहे. तुम्ही जितक्या जोरात आव्हान द्याल तितक्या लवकर तो माद्या गोळा करून पलीकडच्या दरीत नेईल. दीडशे-दोनशे पावलांवरून ब्यूगल वाजवत त्याच्या मागे जाणं म्हणजे त्याला हाकलणं.

पहिला उपाय, आवाज बंद करून अंतर कमी करा. वारा बरोबर असेल तर साठ-सत्तर पावलांपर्यंत जा. एवढ्या जवळून केलेला मादीचा एक हलका आवाज दुरून केलेल्या वीस ब्यूगलांना भारी पडतो. मादीचा आवाज मांजरीच्या म्याऊसारखा, पण नाकातून आणि उतरत जाणारा असतो. तो तोंडातल्या डायफ्रामवर (टाळूला धरून वाजवायच्या पातळ पडदीवर) काढायला पंधरा-वीस दिवसांचा सराव पुरतो. गाडी चालवताना करा, घरात केलात तर घरचे वैतागतील.

दुसरा उपाय, कळपाच्या धन्याचा नाद सोडा. त्याच्या आसपास दोन-तीन एकटे नर घिरट्या घालत असतात. इथले शिकारी त्यांना सॅटेलाइट म्हणतात. त्यांच्याजवळ मादी नसते, म्हणून ते हाकेला येतात, आणि बहुतेक वेळा गुपचूप येतात. हा मुद्दा मला फार उशिरा कळला. आपण उत्तराची वाट पाहतो, उत्तर आलं नाही म्हणून दहा मिनिटांनी उठतो, आणि उठताना पन्नास पावलांवरून धाडकन काहीतरी पळतं. पहिल्या पंधरवड्यात हाक दिल्यावर घड्याळ लावून चाळीस मिनिटं हलू नका. फांदी मोडल्याचा आवाज, खडकावर खुराची टकटक, एवढंच ऐकू येतं.

तिसरा मुद्दा जागेचा. ज्या जागेवरून हाक दिली ती जागा नराला दुरून दिसता कामा नये. तो ऐंशी पावलांवर थांबतो आणि पाहतो. आवाज आला तिथे मादी दिसली नाही तर पुढे येत नाही. म्हणून चढाच्या कडेमागे किंवा झाडीच्या वळणामागे बसा, म्हणजे मादी दिसायला हवी त्या ठिकाणापर्यंत येताच तो तुमच्या टप्प्यात येतो. दोघं असाल तर हाक देणारा बाण सोडणाऱ्याच्या साठ-सत्तर पावलं मागे हवा. नर हाक देणाऱ्याकडे येताना मधल्या माणसाजवळून जातो.

आणि गाडीरस्त्यापासून तासाभराच्या टप्प्यात असाल तर ब्यूगलची नळी काढूच नका. तिथल्या एल्कनं २ तारखेपासून रोज तेच ऐकलेलं असतं. त्यातल्या निम्म्या हाका एकमेकांना नर समजून उत्तर देणाऱ्या माणसांच्या असतात.

जवळ आला आणि अचानक वळून पळाला

याचं उत्तर जवळजवळ नेहमी वारा हेच असतं. एल्क दिसण्यावर शंका घेतो, आवाजावर विचार करतो, पण वासावर कधीच शंका घेत नाही.

डोंगरात वाऱ्याचं साधं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. ऊन पडून उतार तापला की ती वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. इथे याला थर्मल म्हणतात. तेव्हा सकाळी वरून खाली उतरत जाऊ नका, तुमचा वास तुमच्या आधी पोहोचतो. वारा वर लागेपर्यंत एल्कच्या खालून किंवा त्याच्या पातळीवर आडवं राहून जा, आणि वर लागला की वरून या. एवढं सगळे सांगतात. मधल्या वेळेबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि घात होतो तो त्याच वेळी.

तीन वर्षांपूर्वी १४ सप्टेंबरला भाचा बरोबर होता, त्याचा पहिलाच हंगाम. पावणेनऊच्या सुमारास एक चांगला नर आमच्या हाकेला गुपचूप येत होता. भाचा माझ्या पुढे तीस पावलांवर गुडघे टेकून होता. त्यानं मागे वळून हातानंच विचारलं, वारा? मी अंगठा दाखवला, कारण दहा मिनिटांपूर्वी वाऱ्याची दिशा पाहायची पावडरची बाटली दाबून पाहिली होती आणि पावडर माझ्या गालावर आली होती. नर पंचेचाळीस पावलांवर आला. शिंगांची टोकं फांद्यांना घासल्याचा आवाज मला स्पष्ट आला. तेवढ्यात समोरच्या अस्पेनच्या शेंड्यावर ऊन आलं. मी सवयीनं बाटली पुन्हा दाबली. पावडर आधी जागेवरच तरंगली, मग एक गिरकी घेतली आणि सरळ नराच्या दिशेनं गेली. त्यानं मान वर केली, एकदाच. वळला आणि गेला. ओरडला नाही, धडपडला नाही.

भाचा म्हणाला, "मामा, मी हललो नव्हतो रे."

"तू नाही हललास. वारा हलला," मी म्हणालो. "मी ऊन बघायला हवं होतं."

तेव्हापासून माझा नियम असा. पहाटेचा वारा खाली आणि दिवसाचा वर, या दोन्हींच्या मधला जो पाऊण-एक तास असतो, ऊन उतारावर पडल्यापासून वारा वर स्थिर होईपर्यंतचा, त्या वेळात हाक द्यायची नाही. एल्कच्या जवळ असलो तरी बसून राहायचं. संध्याकाळी हीच अडचण उलट येते, आणि पूर्वेकडच्या उतारांवर लवकर येते, कारण तिथे सावली आधी पडते. पावडर दर पाच मिनिटांनी उडवा. उंच झाडीत ती खांद्याच्या उंचीला एकीकडे आणि दहा फुटांवर दुसरीकडे जाते, म्हणून नजर ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या मागे जाऊ द्या. अंगाला वास लपवायचे फवारे मारून वाऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

कालपर्यंत होते, आज नाहीत

इथे माणसांचा विचार करा. ओरेगनच्या ईशान्येला स्टार्की इथे कुंपण घातलेल्या मोठ्या जंगलात एल्कच्या गळ्यात पट्टे बांधून वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालवायची छोटी मोटारगाडी), डोंगरातली सायकल, पायी चालणारे, घोडेस्वार या सगळ्यांपासून एल्क दूर सरकतात, आणि एटीव्हीमुळे सर्वांत जास्त हलतात. शिकारीच नव्हे, नुसते फिरायला येणारेही त्यात आले. लेबर डेच्या सुट्टीत वाटांवर केवढी गर्दी असते ते आठवा. नेमका तोच हंगामाचा पहिला आठवडा.

सरकलेला कळप वीस मैल गेलेला नसतो. तो बहुधा पुढच्या धारेच्या पाठीमागे, जिथे कुणी उतरत नाही अशा अडचणीच्या घळीत असतो, नाहीतर खालच्या खाजगी रँचवर. रँचवर असेल तर पाटी नसली तरी मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, कोलोरॅडोत तो गुन्हा आहे. ऑगस्टमध्येच जाऊन विचारलेलं बरं. मला आजवर दोन मालकांनी हो म्हटलं आहे, दोघांनीही समोर जाऊन विचारल्यावर.

फ्लॅट टॉप्सच्या बाजूला आणखी एक कारण असतं, मेंढ्या. उन्हाळ्यात वरच्या सरकारी कुरणांवर हजार-हजार मेंढ्यांचे कळप चरतात, बरोबर मेंढपाळाचं छोटं गाडीघर आणि मोठाले पांढरे राखणीचे कुत्रे. आपल्याकडे धनगराचा वाडा माळावर उतरला की तिथली रानडुकरं आणि चिंकारा बाजूला होतात, तसंच होतं. मेंढपाळ भेटला तर दोन शब्द बोला. कुठल्या कुरणातून आला आणि परवा कुठे जाणार हे त्यानं सांगितलं की एल्क कुठे नसतील हे कळतं, आणि कळप निघून गेल्यावर कोणत्या कुरणात परत येतील हेही.

दोन दिवस ताजी लेंडी, ताजा ठसा, ताजी लोळण यांतलं काहीच दिसलं नाही तर तंबू हलवा. आवाज आला नाही एवढ्यावरून मात्र हलवू नका.

टप्प्यात आल्यावर

कोलोरॅडोच्या बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळची शाखा पाच इंचांची लागते. आपल्या युनिटचा नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहून जा. धूसर उजेडात टोकं मोजता आली नाहीत तर धनुष्य खाली करा. सप्टेंबरच्या मध्यात नऊ दिवस मझललोडर (नळीच्या तोंडातून बार भरायच्या) बंदुकीचा हंगाम याच जंगलात चालू असतो. त्या दिवसांत धनुष्यवाल्यांनीही चालताना भडक केशरी किंवा गुलाबी अंगावर ठेवावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, विशेषतः मादीचा आवाज काढत फिरत असाल तर.

मांसाबद्दल थोडं कडक बोलतो. मोठ्या नराचं हाडाविना मांस नव्वद-शंभर किलो भरतं आणि पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा पुरेशी थंडी नसते. मांडीच्या हाडाभोवतीचं मांस आतून आधी बिघडतं. संध्याकाळी पडलेलं जनावर सकाळी सोलू असं चालत नाही. कातडी लगेच काढा, मांस हाडापासून सोडवा, सुती पिशव्यांत भरून ओढ्याकाठच्या सावलीत वाऱ्याला टांगा. खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे ती परवान्यानं होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत हजारभरसुद्धा एल्क उरले नव्हते तिथून आजची संख्या उभी राहिली त्यात परवान्यांच्या पैशाचा मोठा वाटा आहे. त्या जनावराचं मांस नासवणं मला अक्षम्य वाटतं. एवढं ओझं दोघांना एका रात्रीत गाडीपर्यंत नेता येणार नसेल, तर तेवढ्या दूर बाण सोडू नका.

रजा एकदाच मिळत असेल तर

१५ ते २४ सप्टेंबर घ्या. गर्दी असते, पण माद्याही तेव्हाच माजावर येऊ लागतात आणि सकाळी नऊनंतरही आवाज ऐकू येतो. ज्यांना फक्त ऐकायचं आहे, मुलांना दाखवायचं आहे, त्यांनी सप्टेंबरअखेरच्या एखाद्या संध्याकाळी एस्टेस पार्कला जावं. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या मोरेन पार्क कुरणात रस्त्याकडेला उभं राहून कळपाचा धनी माद्यांना कसं वळवतो हे डोळ्यांनी पाहता येतं. राष्ट्रीय उद्यानात शिकार बंद असल्यानं तिथले नर दबलेले नसतात. कोणत्या आवाजानंतर मादी कशी वागते हे मी जंगलापेक्षा तिथेच जास्त शिकलो.

आणि रजा पहिल्याच आठवड्याची मंजूर झाली असेल, ती बदलता येत नसेल, तर सकाळभर खुणा शोधा, ताजी लोळण सापडली की दूरूनच वळसा घाला. दुपारी तीनला परत या. पाण्यापासून पंचवीस पावलांवर, पाठीला जाड खोड येईल असं, वारा लोळणीकडून तुमच्या गालावर येतोय हे पावडरनं पाहून बसा. ऊन झाडांमागे गेलं की वारा फिरेल, तो कुठे फिरेल हे आदल्या संध्याकाळी लांबून पाहून ठेवलेलं असू द्या. नळी तंबूतच राहू द्या.